'द सेल्फिश जायंट': या सिनेमात दोस्ती नेमकी दाखवली कुठे? (रहस्यभेद आहे)

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. महिन्यातून एका शनिवारी कोणाच्या तरी हॉलमध्ये चादर लावून सिनेमा बघतो आणि मग पोहे खात भांडतो. या वेळी क्लिओ बर्नार्डचा 'द सेल्फिश जायंट' (२०१३) बघितला आणि भांडण पोहे संपल्यावरही चालू राहिलं.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इंग्लंडमधलं ब्रॅडफर्ड. आर्बर आणि स्विफ्टी ही तेरा-चौदा वर्षांची दोन पोरं. आर्बर म्हणजे नुसता सुतळी बॉम्ब, गोळ्या घेतल्याशिवाय एका जागी टिकत नाही. स्विफ्टी जाडसर, मवाळ, घोड्यांचं वेड असलेला. मारामारी होते, दोघांनाही शाळेतून काढतात. मग ती किटन नावाच्या भंगारवाल्याकडून घोडागाडी भाड्याने घेऊन भंगार गोळा करायला लागतात. भंगारातून तांबं, तांब्यातून चोरी, आणि शेवटी विजेची केबल. स्विफ्टी मरतो.

आमच्यातली एक मैत्रीण म्हणाली, "मला यांची दोस्ती पटलीच नाही. दोघं एकमेकांशी धड बोलतसुद्धा नाहीत. सदान्‌कदा शिव्या." मला मात्र ती दोस्ती पोटात गुद्दा बसावा तशी जाणवली. पण "का?" म्हटल्यावर माझी बोबडी वळली. एकही संवाद आठवेना ज्यात एकाने दुसऱ्याला काही मायेचं म्हटलंय. गळ्यात गळे नाहीत, 'तू माझा जिवलग' नाही, पार्श्वसंगीतही जवळजवळ नाही.

मग ती दोस्ती माझ्यापर्यंत पोचली कशी? अभिनय? कॅमेरा? संकलन? की मीच हळवी? जाणकारांनी सांगावं.

बंडोपंत बावधनकर

पहिला नंबर माझा. सिनेमा बघितलेला नाही. पोह्यांत शेंगदाणे होते का?

पाटीपेन्सिल

होते. विषयाकडे वळा.

कात्री-डिंक

मी संकलनाच्या टेबलावर पोट भरतो (बहुतेक मालिका, त्यामुळे पापं बरीच आहेत). माझ्या नजरेने सांगतो.

मालिकेत दोन माणसं बोलायला लागली की आम्ही काय करतो? याचा चेहरा, तिचा चेहरा, पुन्हा याचा, मध्येच सासूचा. प्रत्येक वाक्याला कात्री. त्यात दोन माणसं एकत्र असल्याचा भास होतो, पण खरं तर ती वेगवेगळ्या चौकटींत कोंडलेली असतात. कधी कधी तर वेगवेगळ्या दिवशी चित्रित केलेली.

इथे उलट आहे. घोडागाडीवरचे प्रसंग आठवा. दोघं शेजारी शेजारी, तोंडं समोर, रस्त्याकडे. एकाच चौकटीत. एक बडबडतोय आणि दुसरा ऐकतोय, हसतोय, नाक पुसतोय, हे सगळं एकदम दिसतं. कुणाकडे बघायचं ते आपण ठरवतो. मित्र तरी असेच बसतात ना? कट्ट्यावर बसलेली पोरं एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाहीत, रस्त्याकडे बघतात.

दुसरं म्हणजे कॅमेरामन माइक एली. हा 'टचिंग द व्हॉइड'वाला, माहितीपटांत हात बसलेला. कॅमेरा बराचसा हातात, पण उगीच थरथर नाही. आर्बर धावला की कॅमेरा मागे धावतो, नेहमी अर्धं पाऊल उशिरा, जणू त्यालाही हा पोरगा पुढे काय करेल ते ठाऊक नाही. स्विफ्टी घोड्याजवळ गेला की तोच कॅमेरा शांत होतो. दोघांचे स्वभाव संवादांत सांगायची गरजच उरत नाही.

आणि स्विफ्टी गेल्यावर आर्बर एकटाच चौकटीत. तासभर जिथे दोघं बघायची सवय लागलेली असते तिथे आता एकच. तुमच्या पोटात बसलेला गुद्दा तो आहे. निदान माझ्या पोटात तरी तिथेच बसला.

खडीसाखर

वरील प्रतिसादाला +१. सासूचा चेहरा वाचून फुटले.

तिसरी घंटा

मी जरा विरोधी सूर लावतो.

हा सिनेमा चांगला आहे, पण 'केस' (१९६९) बघितलेल्या माणसाला तो थोडा गोड वाटतो. केन लोचचा 'केस' त्याच यॉर्कशायरमधला, बार्न्सलीचा. कोळशाच्या खाणीखेरीज भविष्य नसलेला पोरगा आणि त्याचा ससाणा. ख्रिस मेंगेसचा कॅमेरा तिथे अदबीने लांब उभा राहतो. लांब पल्ल्याचं भिंग, मिळेल तो उजेड, आणि माणसं आपापल्या उद्योगात. कोणी कॅमेऱ्यासाठी वागतंय असं वाटतच नाही. मुख्याध्यापक मुलांना छड्या मारतो त्या प्रसंगात छड्या खऱ्या होत्या. निरोप घेऊन आलेलं बिचारं पोर विनाकारण मार खातं, त्याच्या डोळ्यातलं पाणी अभिनयाचं नाही. (आज असं केलं तर दिग्दर्शक गजाआड जाईल, आणि जायलाच हवा.)

'जायंट'मध्ये दर पंधरा मिनिटांनी धुक्यात उभे असलेले घोडे, मागे विजेचे मनोरे, कुरणावर पहाट. सुंदर! इतकं सुंदर की भिंतीवर कॅलेंडर म्हणून लावावं. वास्तववाद म्हणायचं आणि मध्येच कविता वाचायची, हे मला खटकतं.

आणखी एक. ही 'गरिबी बघा' छापाची सहल युरोपातल्या महोत्सवांना फार आवडते. आपण दुरून हळहळायचं आणि घरी जाऊन वरणभात खायचा.

एअरकाठचा

लीड्समधून लिहितोय, ब्रॅडफर्ड इथून वीस मिनिटं ट्रेनने. अकरा वर्षं झाली इथे. 'तिसरी घंटा' यांच्या दोन्ही मुद्द्यांना हरकत.

घोडे हे कॅलेंडर नाही हो. इथे वस्त्यांच्या कडेला, रस्त्यालगतच्या गवताच्या पट्ट्यांवर घोडे बांधलेले खरंच दिसतात. मी पहिल्यांदा बघितले तेव्हा बायकोला म्हटलं, अगं, टांगा स्टँड आहे का काय इथे! सकाळी धुकं असतं, मागे मनोरे असतात. आमच्याकडे 'कविता' अशी फुकट मिळते, दिग्दर्शिकेला भाडं द्यावं लागत नाही.

सहलीबद्दल. बर्नार्ड एका वीकेंडला येऊन गेलेली बाई नाही. आधी तिने 'द आर्बर' (२०१०) केला, ब्रॅडफर्डच्या बटरशॉ वस्तीतली नाटककार अँड्रिया डनबार हिच्यावर. त्यात लोकांच्या खऱ्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि नटांनी त्या आवाजावर फक्त ओठ हलवले. बघताना अंगावर काटा येतो: चेहरा नटाचा, आवाज खऱ्या माणसाचा. त्या कामात वस्तीत वावरताना तिला भंगार गोळा करणारी पोरं भेटली आणि त्यातून हा सिनेमा आला. नायकाचं नाव आर्बर आहे ते उगीच नाही. डनबारच्या पहिल्या नाटकाचं नाव तेच, आणि ते तिथल्या एका गल्लीचं नाव.

अजून एक गंमत. स्विफ्टीची आई झालेली शिव्हॉन फिनरन ही १९८७ साली डनबारनेच लिहिलेल्या 'रीटा, सू अँड बॉब टू'मधली रीटा. त्याच वस्तीतली उनाड पोरगी. छब्बीस वर्षांनी ती त्याच वस्तीतली थकलेली आई म्हणून समोर येते. इथल्या प्रेक्षकाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

भंगाराचंही ऐका. या सिनेमात किटन रोख पैसे मोजतो. इंग्लंड-वेल्समध्ये भंगाराचे पैसे रोख द्यायला २०१२ च्या डिसेंबरात बंदी आली आणि भंगार व्यापाऱ्यांचा नवा कायदा २०१३ च्या ऑक्टोबरात लागू झाला. सिनेमा इथे लागला तोही त्याच ऑक्टोबरात. म्हणजे पडद्यावर जे चालू होतं ते बाहेर तेव्हाच बंद पाडायचा प्रयत्न चालला होता. तांब्याच्या चोऱ्यांनी रेल्वेसुद्धा टेकीला आली होती.

तिसरी घंटा

रीटाचा मुद्दा माहीत नव्हता. एक पाऊल मागे. कॅलेंडरवर ठाम.

बंडोपंत बावधनकर

छब्बीस नव्हे हो, सव्वीस. लीड्सला पाठवलं म्हणून मराठी आकडे विसरायचे?

एअरकाठचा

सपशेल शरण. ऑफिसात शेजारी इंदूरचा माणूस बसतो, त्याचा परिणाम.

खडीसाखर

मला भाषा अजिबात कळली नाही. इंग्रजी माध्यमात शिकले, नोकरी इंग्रजीत, आणि इथे पहिली दहा मिनिटं वाटलं की पोलिश सिनेमा लावलाय. उपशीर्षकं लावून पुन्हा सुरुवात केली. तुम्हाला कळतं का सगळं?

एअरकाठचा

आता कळतं. सुरुवातीला मीही मान डोलवायचो. 'नाउट' म्हणजे काही नाही, 'आउट' म्हणजे काहीही. बाकी अर्धा सिनेमा शिव्यांचा आहे, त्या मात्र पहिल्या दिवसापासून कळल्या. इथे सिनेमाला १५ वर्षांवरचं प्रमाणपत्र आहे. म्हणजे ज्या वयाच्या पोरांवर सिनेमा आहे त्यांना तो थिएटरात बघता आला नाही!

तीच भाषा त्या मैत्रिणीला 'शिव्या' वाटली असणार. आमच्या गावाकडे जिवाभावाच्या मित्राला कोणी नावाने हाक मारली तर समजायचं, काहीतरी बिनसलंय.

कोकणकडा

'फँड्री'ची आठवण झाली. साल तेच, २०१३. तिथेही नायकाने आधी कधी अभिनय केलेला नव्हता, इथेही कॉनर चॅपमन आणि शॉन थॉमस दोघांचा पहिलाच कॅमेरा. तिथे डुकरं, इथे घोडे. फक्त तिथल्या जब्याच्या मागे त्याची जात लागलेली होती. आर्बरच्या मागे काय आहे?

तिसरी घंटा

वर्ग. आणि बंद पडलेल्या लोकरीच्या गिरण्या. एके काळी जगभरचा लोकरीचा बाजार ब्रॅडफर्डवर चालायचा. पण तुलना फार ताणू नये. आर्बरची जात कुणी विचारत नाही, आणि जब्याला ब्रॅडफर्डच्या पोरासारखी सरकारी मदतीची खिडकीही नाही.

कोकणकडा

ताणत नव्हतो, आठवण झाली एवढंच. बरं.

फेज_न्यूट्रल

मी सिनेमातला माणूस नाही. वीज खात्यात तेहेतीस वर्षं काढली, त्यातली बरीच सबस्टेशनात. आता निवृत्त. धाग्यात 'केबल' दिसली म्हणून आलो. सिनेमा अजून बघितलेला नाही, पण एक तांत्रिक प्रश्न: त्यात तारांचा आवाज आहे का?

पाटीपेन्सिल

काका, आहे! मनोऱ्यांखाली उभी असतात तेव्हा एक बारीक तडतड-गुणगुण ऐकू येते. मला तर ती नंतर स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्येही ऐकू यायला लागली.

फेज_न्यूट्रल

मग ध्वनी करणाऱ्याने अभ्यास केलाय. सांगतो.

आवाज दोन प्रकारचे. ट्रान्सफॉर्मर घुमतो तो त्याच्या गाभ्यातल्या लोखंडामुळे. वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, इंग्लंडमध्येही आणि आपल्याकडेही. चुंबकत्व प्रत्येक आवर्तनात दोनदा शिखरावर जातं, त्यामुळे लोखंड दोनदा ताणलं जातं आणि घूं आवाज सेकंदाला १०० कंपनांचा येतो. सबस्टेशनात चार वर्षं काढलेला माणूस त्या आवाजावरून सांगतो की आज लोड जास्त आहे.

दुसरा आवाज उच्च दाबाच्या उघड्या तारांचा. हवा दमट असली, धुकं असलं की तारेभोवतीच्या हवेत सूक्ष्म विसर्ग होतात आणि तडतड, सूं असा आवाज येतो. त्याला आम्ही कोरोना म्हणत होतो, तो रोग यायच्या कितीतरी आधीपासून. कोरड्या दुपारी तीच तार जवळजवळ मुकी. म्हणजे ज्या धुक्याला 'तिसरी घंटा' साहेब कॅलेंडर म्हणतायत, त्या धुक्यामुळेच ती तार बोलते.

पण जमिनीतली केबल अजिबात बोलत नाही. वर इन्सुलेशन, चिलखत, माती. जिवंत आहे की मेलेली ते नुसतं बघून कळत नाही. आम्हीसुद्धा पुरवठा बंद करून, टेस्टर लावून, अर्थिंग करून (म्हणजे केबल जमिनीला जोडून) मगच हात लावतो. माझ्या नोकरीत दोन पोरं बघितली, केबल कापायला आलेली. जास्त लिहीत नाही. एकाच्या हातात करवतीचं पातं होतं, बस.

खडीसाखर

काका...

कात्री-डिंक

फेजकाका, तुमच्या प्रतिसादाने मला सिनेमा नव्याने दिसला. म्हणजे सिनेमाभर धोका वर गुणगुणत राहतो आणि मरण येतं ते खालून, न बोलता. हे दिग्दर्शिकेने ठरवून केलं की नाही माहीत नाही, पण पडद्यावर ते आहे.

अवांतर: शर्यतीचा प्रसंगही आवाजासाठी बघा. पहाटे मोठ्या रस्त्यावर दोनचाकी हलक्या गाड्यांना जुंपलेले घोडे, मागे गाड्यांचा ताफा, माणसं खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळत ओरडतायत. टाप, हॉर्न, आरडाओरडा. त्या एका प्रसंगात सिनेमा एकदम शिरा ताणून धावतो. आपल्याकडच्या शंकरपटाचं वारं ज्याला लागलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

बंडोपंत बावधनकर

शंकरपट म्हटल्यावर मी जागा झालो. हा सिनेमा बघावा लागणार असं दिसतंय.

जुनी वही

सगळे प्रतिसाद वाचले. ऑस्कर वाइल्डचं नाव अजून कोणीच काढलं नाही म्हणून लिहिते.

शीर्षक त्याच्या १८८८ सालच्या परीकथेचं आहे. मी ती मुलांना वर्गात बरीच वर्षं शिकवली. राक्षस बागेभोवती भिंत घालतो, मुलांना हाकलतो, मग बागेत वसंत येतच नाही. एक लहानगं पोर झाडावर चढता येत नाही म्हणून रडत असतं, राक्षस त्याला उचलून फांदीवर ठेवतो आणि त्याचं मन पालटतं. शेवटी म्हाताऱ्या राक्षसाला तेच पोर पुन्हा भेटतं, तेव्हा त्याच्या तळहातांवर खिळ्यांच्या जखमा असतात.

सिनेमा पहिल्यांदा बघितला तेव्हा मी बाग शोधत बसले, भिंत शोधत बसले. किटन म्हणजे राक्षस हे कळलं. तो शेवटी पोलिसांसमोर दोष स्वतःवर घेतो, तेही जुळलं. पण पोर कुठलं? दुसऱ्यांदा बघताना लक्ष तळहातांकडे गेलं, आणि मग सगळीकडे हातच दिसायला लागले.

सिनेमाच्या सुरुवातीला आर्बर पलंगाखाली शिरून थयथयाट करतोय, कुणाचंच ऐकत नाही. स्विफ्टी त्याचा हात धरतो. समजावत नाही, फक्त धरतो, आणि पोरगा हळूहळू निवतो. मग किटन आर्बरची चोरी पकडतो तेव्हा त्याचा हात केबल चिरडणाऱ्या यंत्राकडे ओढत नेतो. स्विफ्टीचा हात घोड्याच्या मानेवर असतो तेव्हा त्याच घाबरट पोरात केवढा आत्मविश्वास येतो. आणि शेवटाकडे आर्बर पुन्हा त्याच पलंगाखाली. आता धरायला कोणी नाही. तरी एक हात येतो.

पाटीपेन्सिल, तुम्ही विचारलंत की दोघं कुठे बोलतात. मला वाटतं तोंडाने बोलतच नाहीत. 'गळ्यात गळे नाहीत' असं तुम्हीच लिहिलंय, पण हातात हात आहे, तोही पलंगाखाली, जिथे कुणी बघत नाही अशा जागी. त्या वयाच्या मुलांना चारचौघांत ते जमणारच नाही. वर्गात दोन मुलगे एकमेकांना सतत गुद्दे घालत असले की नवीन बाई त्यांना वेगळं बसवतात. जुन्या बाई बसवत नाहीत.

खडीसाखर

शेवटचं वाक्य! बाई, तुम्ही धागा काढा हो स्वतंत्र.

तिसरी घंटा

हातांचा मुद्दा मान्य, आणि मी तो पूर्ण हुकवला होता हेही मान्य. पलंगाखालची चौकट आठवून बघितली. जागा इतकी अरुंद की कॅमेऱ्याला लांब उभं राहताच येत नाही. म्हणजे 'केस'मधलं ते अदबशीर अंतर इथे चाललंच नसतं. ससाण्याकडे लांबून बघावं लागतं, मित्राकडे नाही.

घोडे मात्र कॅलेंडरच.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. काल पुन्हा लावला, या वेळी एकटीने आणि आवाज वाढवून. जुनी वही, तुम्ही लिहिलेले हात सगळे सापडले, शिवाय एक ज्यादा: अगदी शेवटी आर्बर घोड्याला खरारा करत असतो. म्हणजे स्विफ्टीच्या हातचं काम आता याच्या हातात. पहिल्यांदा मी तिथे डोळे पुसत होते, त्यामुळे दिसलंच नाही.

कात्री-डिंक, तुमची एका चौकटीतली जोडी मोजायला घेतली होती, पण गाडीवरच्या तिसऱ्या प्रसंगानंतर मोजायचं विसरले.

मैत्रिणीला धाग्याचा दुवा पाठवलाय. तिचं उत्तर आलं: "ठीक आहे, पण शिव्या जास्तच आहेत."

बंडोपंत बावधनकर

मैत्रिणीला माझा पाठिंबा. (शेवटी बघितला. शर्यतीच्या वेळी सोफ्यावर उभा राहिलो. पुढचं लिहीत नाही.)

फेज_न्यूट्रल

मीही काल रात्री बघितला, मुलाने लावून दिला. विजेच्या चुका काढायच्या म्हणून वही-पेन घेऊन बसलो होतो. केबलजवळ पोरं गेली तेव्हा मी मोठ्याने ओरडलो, "अरे हात लावू नका!" आमची मंडळी स्वयंपाकघरातून तशीच ओल्या हाताने धावत आली, तिला वाटलं मिक्सरबद्दल ओरडतोय. मग तीही बसली. उरलेला सिनेमा दोघांनी बघितला.

वही कोरी आहे.